रँडच्या सोजिरांना न सापडलेली पिसू

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन निवांत वाचा. शेवटी आपल्या पालिकेला आणि ग्रामपंचायतींना विचारायचे प्रश्न आहेत, तेवढे तरी नक्की वाचा.)

चिंचवडच्या माणसाला २२ जून १८९७ ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू आपल्या गावचे. गणेशखिंडीतली ती रात्र, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची रोषणाई, रँडची गाडी आणि मागच्या गाडीतला आयर्स्ट. शाळेतल्या पोरांनाही हे पाठ असतं. चापेकर चौकातून दिवसाला किती गाड्या जातात त्याची मोजदाद नाही, पण पुतळ्यांकडे मान वळवणारा एखादा तरी असतोच.

त्या गोष्टीत आणखी एक पात्र होतं. त्याचं नाव खटल्यात आलं नाही, त्याचा पुतळा नाही आणि तेव्हा त्याच्यावर कोणाचा संशयही नव्हता. आकाराने तिळाच्या दाण्याहून मोठं नाही. ते पात्र म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू. चापेकरांच्या शौर्याबद्दल मी नव्याने काय सांगणार? आज सांगायचंय ते या पिसवेबद्दल. कारण तिची गोष्ट संपलेली नाही. ती आपल्या सोसायटीच्या टाकीपर्यंत आणि चाकणच्या लेबर रूममधल्या निळ्या ड्रमपर्यंत येते.

जंतू माहीत, वाहक माहीत नाही

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. धान्याची गोदामं, बंदर, दाटीची वस्ती. तिथून लोक पळाले, आणि लोकांबरोबर धान्य, कापूस, गाठोडी, पोती असं सगळं निघालं. मुंबई-पुणे रेल्वे चाळीस वर्षांपूर्वीच सुरू झालेली. वर्षअखेरपर्यंत प्लेग पुण्यात पोचला.

या रोगाचा जंतू तेव्हा माहीत होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन आणि किटासातो यांनी तो शोधला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस बनवून १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचूनही घेतली होती. माहीत नव्हतं ते एवढंच, की हा जंतू एका घरातून दुसऱ्या घरात जातो कसा. हवेतून? जमिनीतून? घाणीतून? कपड्यांतून? जो तो आपापल्या परीने सांगत होता.

फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. हो, तोच. कोविडच्या वेळी आपल्यावर लागू झाला तो हाच, १८९७चा. त्याच महिन्यात साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताला आला. मार्चपासून गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. रोगी शोधायचा, उचलून इस्पितळात न्यायचा, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात पाठवायचं. सामान बाहेर काढून जाळायचं, जमिनी उकरायच्या, घरं औषधाने धुवायची, ऊन यावं म्हणून कौलं काढायची. देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी झाली. पुणं पेटलं ते यामुळे.

याच मार्चमध्ये, १० तारखेला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याने काढलेल्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला उचलून त्यांनी दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. एकाच शहरात, एकाच महिन्यात सरकारची बंदूक आणि सावित्रीबाईंचा खांदा. दोघांनाही वाहक कोण ते ठाऊक नव्हतं. पण एकाने माणसाला गुन्हेगार धरलं आणि दुसऱ्याने माणसाला उचलून घेतलं. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

उन्हाळा तापला तशी साथ ओसरली. बंदोबस्त यशस्वी झाला असं वाटण्याजोगीच ती परिस्थिती होती. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, ३ जुलैला तो मेला. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. पुढे तिघे भाऊ आणि महादेव रानडे फासावर गेले. आणि प्लेग? तो परत आला. पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं येत राहिला. १९१८पर्यंत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीच्या वर माणसं नेली.

धुतलेल्या घरात प्लेग परत का आला? कारण उंदीर कौलांत, भिंतीच्या पोकळीत आणि धान्याच्या कणगीमागे होते. फरशीवर ओतलेलं औषध तिथवर पोचत नव्हतं. सोजीर माणसं शोधत होते, आणि रोग चार पायांवर शेजारच्या घरात गेलेला असायचा.

कराचीची बरणी, मुंबईचे गिनीपिग

रँडच्या खुनाला वर्ष होत नाही तोच, २ जून १८९८ला, कराचीत (तेव्हा तीही मुंबई इलाख्यातच) पॉल-लुई सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला. शेजारी जाळीच्या आत एक धडधाकट उंदीर. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसू मात्र जाळीतून जाईल. पहिला मेला. काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. पिसवा नसलेला आजारी उंदीर शेजारी ठेवला, तर मात्र चांगल्याला काही होत नव्हतं.

आपल्या गावखेड्यातल्या लोकांना अर्धं गणित आधीच ठाऊक होतं. "उंदीर पडले" की गाव सोडायचं आणि माळावर पालं ठोकायची. जुन्या घरांत अजून ऐकू येतं, "प्लेगात अख्खं गाव उठून रानात गेलं होतं." उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसू ते अंग सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. घरात उंदीर उरले नाहीत तर माणूस असतोच. म्हणजे घर सोडणं हा उपाय बिनचूक होता, कारण मात्र माहीत नव्हतं.

सिमोंचं कोणी ऐकलं का? नाही. सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने त्याचा पुरावा बाजूला सारला. मग मुंबईत विल्यम ग्लेन लिस्टन या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरने पिच्छा पुरवला. १९०३ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले. त्यांच्या अंगावर लिस्टनला उंदरांच्या पिसवा सापडल्या. एरवी गिनीपिगच्या अंगावर त्या नसतात. लिस्टनचं नाव ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९०५मध्ये परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) नवं कमिशन बसलं. त्यांनी झोपड्या बांधल्या, उंदीर सोडले, गिनीपिग ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला. दोन फुटांवर टांगलेल्यांना झाला नाही. हवा तर दोन्हीकडे एकच होती. पिसवेची उडी मात्र दोन फुटांवर पोचत नव्हती. इतक्या साध्या गोष्टीला दहा वर्षं लागली.

पिसू एक नव्हे, तीन

इथपर्यंतची गोष्ट थोडीफार लोकांना माहीत असते. पुढची फार कमी जणांना माहीत आहे, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची.

प्लेग पिसवेमुळे पसरतो हे ठरलं. मग प्रश्न आला, मुंबई, पुणे आणि पंजाबात माणसं हजारोंनी मरतात आणि मद्रास शहर जवळजवळ सुटतं, हे कसं? तिथेही बंदर आहे, रेल्वे आहे, धान्य आहे आणि उंदीरही हवे तेवढे आहेत. उंदरांच्या अंगावर पिसवाही आहेत. मग अडलं कुठे?

उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली निघालं. इंग्लंडमध्ये चार्ल्स रॉथशिल्ड नावाचा सावकारी घराण्यातला गृहस्थ होता. दिवसा बँक सांभाळायची आणि उरलेल्या वेळात पिसवा जमवायच्या, असा त्याचा छंद. १९०३ साली त्याने सुदानमध्ये मिळालेल्या एका पिसवेला इजिप्तच्या राजाचं नाव दिलं, चिऑपिस. हीच प्लेगची मुख्य पिसू. पण १९११मध्ये त्याने तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेगळी काढली, अॅस्टिया. आणि तिसरी होती ब्राझिलिएन्सिस. तिचं नाव ब्राझीलचं असलं तरी मूळ आफ्रिकेचं. नुसत्या डोळ्यांना तिघी सारख्याच. फरक मादीच्या पोटातल्या एका बारक्या पिशवीच्या आकारात आणि नराच्या शेपटाकडच्या ठेवणीत.

आता कोलंबोला चला. तिथल्या पालिकेच्या नोकरीत फेबियन हर्स्ट नावाचा सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होता. पुन्हा वाचा, पालिकेच्या नोकरीत. १९१३मध्ये त्याने शहरातल्या उंदरांवरच्या पिसवा नीट तपासल्या. ज्यांना सगळे चिऑपिस समजत होते, त्या बहुतेक अॅस्टिया निघाल्या. पुढच्याच वर्षी कोलंबोत प्लेग आला. तो धान्याच्या वखारींच्या भागात घुटमळला, आणि चिऑपिस सापडली तीही त्याच भागात. ती धान्याच्या पोत्यांबरोबर बाहेरून आली होती.

याच धाग्यावर मेजर क्रॅग यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानभरच्या उंदीर-पिसवांचा नकाशा तयार केला. जिथे प्लेग माजला त्या भागात चिऑपिसचं राज्य, मद्रासकडे अॅस्टियाचं. ब्राझिलिएन्सिस दक्षिणेतल्या डोंगराळ, थंड भागात. रोगाचा नकाशा आणि किड्याचा नकाशा एकावर एक बसले.

एवढा फरक का? १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत बॅकॉट आणि मार्टिन यांनी ते कोडं सोडवलं होतं. प्लेगचा जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून बोळा घालतो. पिसवेला रक्त ओढता येत नाही. पोट रिकामं, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, आणि दरवेळी अडकलेलं जंतूंसकट रक्त चावलेल्या जागी ओकते. चिऑपिसमध्ये हा बोळा सहज बसतो, अॅस्टियामध्ये तितका सहज बसत नाही. शिवाय अॅस्टियाला माणसाचं रक्त तेवढं रुचतही नाही. अॅस्टिया प्लेग नेतच नाही असं नाही, पण शहर पेटवण्याइतकी ती पटाईत नाही.

म्हणजे पुण्यात हजारो चिता पेटल्या आणि मद्रासमध्ये पेटल्या नाहीत, यात राज्यकर्त्यांच्या बंदोबस्ताइतकाच किंवा त्याहून जास्त हात दोन किड्यांमधल्या बारीक फरकाचा होता. फरक होता तो जन्मजात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला.

पिंपरीचं औषध आणि हुशार झालेली पिसू

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक आपल्या गावाजवळची. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आधी पेनिसिलिन, मग स्ट्रेप्टोमायसिन. हेच स्ट्रेप्टोमायसिन प्लेगवरचं हुकमी औषध. चापेकरांच्या चिंचवडला लागून असलेल्या पिंपरीत प्लेगचं औषध बनू लागलं, हा योगायोग कोणी फलकावर लिहिलेला नाही. 'एचए' म्हणून आपण जो बसस्टॉप सांगतो, त्यामागे हा इतिहास आहे.

दुसरी गोष्ट डीडीटी. १९५३मध्ये राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी भिंतींवर डीडीटी मारलं जाऊ लागलं. निशाणा डासांवर, पण पिसवाही मेल्या. प्लेग ओसरला. मलेरिया १९६५ला वर्षाला एक लाख रुग्णांपर्यंत खाली आला. देशाला वाटलं, जिंकलो.

आणि १९६०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत टी. बी. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख छापून आला. भारतातली चिऑपिस पिसू डीडीटीला दाद देत नाही, याची ती पक्की नोंद होती. म्हणजे पिसू बदलली. कशी? हजारो पिसवांत एखादीच्या अंगात निसर्गतः असा बदल असतो, की विष तिला लागत नाही. फवारा मारला की बाकीच्या मरतात, ती उरते. तिची पिल्लं उरतात. काही वर्षांत गावभर तिचाच वंश. आपणच फवाऱ्याने निवड केली, जसं शेतकरी बियाणं निवडतो तसं. डासांचंही तेच झालं. त्यात कार्यक्रमाला आलेली ढिलाई मिळाली, आणि १९७६ला मलेरियाचे रुग्ण चौसष्ट लाखांच्या वर गेले.

प्लेग मात्र १९६६नंतर गायब झाल्यासारखा होता. अठ्ठावीस वर्षं. मग १९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि लोकांना गाठी आल्या. आदल्या वर्षीच्या भूकंपाने लोकांनी घरं सोडली होती, धान्य आतच राहिलं होतं, उंदरांची चंगळ झाली होती. सप्टेंबरमध्ये सुरत. तेव्हाचं तोंडाला रुमाल बांधलेलं सुरत स्टेशन माझ्या वयाच्या लोकांना टीव्हीवर पाहिलेलं आठवत असेल. किडा गेलेला नसतो. तो वाट पाहत असतो.

अचलपूरचा डास आफ्रिकेत

आता लिस्टनकडे परत. मुंबईत पिसवेमागे लागण्याआधी हा माणूस वऱ्हाडात, एलिचपूरला म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला नोकरीला होता. तिथे त्याने डास पकडले, आणि १९०१ साली एका नव्या जातीला नाव दिलं, अॅनोफेलिस स्टिफेन्साय. शहरी मलेरियाचा डास तो हाच. टाक्या, विहिरी, हौद अशा माणसाने साठवलेल्या पाण्यात वाढणारा.

या डासाच्याही पोटजाती आहेत. अंड्यावरच्या कडा मोजून त्या ओळखतात. एक रूप शहरी, मलेरिया पसरवण्यात तरबेज. दुसरं, म्हैसूरच्या नावाचं, खेड्यातलं, आणि आपल्याकडे मलेरियाच्या बाबतीत बरंचसं निरुपद्रवी. मधलं एक तिसरंही आहे.

खेड्यातल्या मलेरियाचा मुख्य डास वेगळा, क्युलिसिफेसीज. तो तर एक डास नाहीच. गुणसूत्रं तपासली तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या पाच जाती निघाल्या. शास्त्रज्ञांनी त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावं दिली. भारतीय शास्त्रज्ञांचं, विशेषतः सरला सुब्बाराव यांचं यात मोठं काम आहे. यातला 'बी' गुरांच्या रक्तावर खूश असतो, मलेरिया फारसा नेत नाही. म्हणजे एखाद्या गोठ्यात डासांचे थवे असतील आणि गावात मलेरिया नसेल, किंवा डास थोडे असतील आणि अर्धं गाव तापाने फणफणेल. नुसते डास मोजून काही कळत नाही. कुठला डास, ते कळावं लागतं.

आणि हे किडे एका जागी बसत नाहीत. अचलपूरला नाव मिळालेला तो स्टिफेन्साय २०१२ला आफ्रिकेतल्या जिबुती या बंदराच्या देशात सापडला. त्या वर्षी जिबुतीत मलेरियाचे रुग्ण होते २७. २०२०मध्ये ते ७३ हजारांवर गेले. मधल्या काळात तो इथिओपिया, सुदानमध्ये पोचला. श्रीलंका २०१६ला मलेरियामुक्त जाहीर झाली आणि काही महिन्यांतच हा डास तिथेही मिळाला. आफ्रिकेचे जुने मलेरियाचे डास खेड्यातले. हा शहरी पाहुणा टाक्यांमध्ये राहतो आणि उन्हाळ्यातही टिकतो. जिथे मलेरिया म्हणजे खेड्यातला, पावसाळ्यातला रोग होता, तिथे तो बारमाही शहरी रोग होऊ लागला. बंदर, बोटी, माल. १८९६ची मांडवी आठवते का?

आता आपला पट्टा

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी. देशातल्या प्रत्येक राज्यातून इथे माणूस येतो आणि जगातल्या प्रत्येक बंदरातून इथे माल येतो. कंटेनर, लाकडी पॅलेट, जुने टायर, भंगार, बॅरल. किड्यांच्या प्रवासाला याहून चांगली सोय कुठली? माणसाला दोष द्यायचा नाही, हे पुन्हा सांगतो. १८९७ला तीच चूक झाली. बिहारहून आलेला पोरगा ताप घेऊन आला, हे म्हणणं सोपं आहे. तो ज्या खोलीत दहा जणांबरोबर राहतो, तिथे नळ नाही आणि ड्रमला झाकण नाही, हे म्हणणं अवघड आहे.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की पवना आणि इंद्रायणीत जलपर्णी पसरते. संध्याकाळी घरात बसवत नाही इतके डास. आंदोलनं होतात, बातम्या होतात, मीही केल्यात. जलपर्णी काढायलाच हवी, नदीसाठी काढायला हवी. पण तिथला मुख्य डास क्युलेक्स. तो घाण पाण्याचा, रात्री चावणारा. तो डेंग्यू देत नाही. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका देतो तो एडिस. तो स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, घरातच पडद्यामागे आणि पलंगाखाली बसतो. झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ला आपल्याच जिल्ह्यातल्या बेलसरला, पुरंदर तालुक्यात सापडला होता. आणि तिसरा तो स्टिफेन्साय, गच्चीवरच्या टाकीतला.

तीन डास, तीन पत्ते. आणि आपला उपाय एकच, संध्याकाळी गल्लीतून धूर सोडत जाणारी गाडी. धुराने उडणारे डास थोडे मरतात. ड्रममधल्या अळीला काही होत नाही, आणि पलंगाखालच्या एडिसपर्यंत धूर पोचत नाही, कारण आपण खिडक्या लावून घेतो. फरशी धुतली आणि उंदीर कौलात राहिले, त्यातलाच हा प्रकार.

त्यात पिसवेचा १९६०चा धडा आहेच. कॉइल, लिक्विड, स्प्रे आणि बऱ्याच धुरातली औषधं एकाच घराण्यातली, पायरेथ्रॉइड. ती किड्याच्या मज्जातंतूवर जिथे घाव घालतात, तिथेच डीडीटीही घालायचं. त्या एका जागी जनुकात बारीक बदल झाला की दोन्ही बोथट. असे बदल भारतातल्या एडिसमध्ये सापडलेले आहेत. आपल्या पट्ट्यातल्या एडिसमध्ये कितपत आहेत, ते दरवर्षी तपासून लोकांना सांगायला नको का?

आणि आणखी एक. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी आहे. दिवसाआड पाणी म्हणजे घरोघरी साठवलेलं पाणी. साठवलेलं पाणी म्हणजे एडिसचा पाळणा. पाणी साठवायला लावायचं आणि साठलेल्या पाण्यात अळी सापडली की दंड करायचा, हा व्यवहार सरळ नाही. दंड करू नका असं म्हणत नाही. पण निम्मी जबाबदारी नळाच्या पलीकडच्या बाजूलाही आहे.

म्हणून प्रश्न. पालिका, चाकण नगरपरिषद, ग्रामपंचायती, एमआयडीसी, सगळ्यांना.

१. डासांचा सर्व्हे होतो तेव्हा डासाची जात लिहिली जाते का? लिहिली जात असेल तर वॉर्डनिहाय आकडे लोकांना का दिसत नाहीत?

२. वापरलं जाणारं औषध आपल्या भागातल्या डासांवर चालतं का, ही चाचणी शेवटची कधी झाली?

३. कीटक ओळखणारा माणूस, म्हणजे कीटकशास्त्रज्ञ, तुमच्याकडे आहे का? कोलंबो पालिकेकडे १९१३ला असा तज्ज्ञ होता.

४. कंपनीच्या कुंपणाच्या आतली तपासणी कोणाची? गेटबाहेरच्या चाळीची कोणाची? कागदावर हद्दी चार आहेत, डासाला एकही नाही.

५. दिवसाआड पाणी चालणार असेल तर ज्या खोल्यांत साठवणीची धड सोय नाही तिथे झाकणाची पिंपं द्या. धुराच्या खर्चापेक्षा महाग पडेल का, हिशोब मांडा.

माहिती अधिकारात हे प्रश्न कोणीही विचारू शकतो. मी अर्ज टाकतोय. तुम्हीही टाका.

आणि आपल्या घरात? आठवड्यातून एक दिवस कोरडा. भांडं नुसतं ओतू नका, आतून घासा. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी आलं की फुटतात. फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचा टायर, टाकीचं झाकण. हौद असेल तर गप्पी मासे.

चापेकरांनी रँडला मारलं ते लोकांवरच्या जुलमासाठी. त्या जुलमाच्या मुळाशी अहंकार होता, तसं अज्ञानही होतं. शत्रू कोण हे माहीत नसलेल्या सरकारने हाताशी सापडलेल्या माणसालाच शत्रू मानलं. तेव्हाच्या लोकांना पिसू माहीत नव्हती, त्यांना एक वेळ माफ करता येईल. आपल्याला डास माहीत आहे, त्याचं नाव माहीत आहे, पत्ताही माहीत आहे. त्यामुळे आपल्याला ती सवलत नाही.

तुमच्या सोसायटीत, चाळीत किंवा कंपनीत यंदा तपासणीला कोणी आलं होतं का? आलं असेल तर काय बघितलं, काय सांगितलं? कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव आणि महिना टाका. जमलेली यादी घेऊन मी आरोग्य विभागात जाणार आहे.